गाडी चालवून पाहायला

दारव्ह्यात तेव्हा फटफट्या दोनच होत्या. त्यातली एक सदाशिवरावांची. सदाशिवराव कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मॅनेजर. लष्कराच्या लिलावातून घेतलेली त्यांची जुनी विलायती गाडी एकसष्टच्या हिवाळ्यात रुसली. उभी केली की दोन आचके देऊन बंद पडायची, आणि चालली की काळा धूर सोडत उसळ्या मारायची. बाहेरगावच्या एका मिस्तरीनं तिला हात लावला, तेव्हापासून ती जास्तच बिघडली. शेवटी सदाशिवराव ती ढकलत एसटी स्टँडजवळच्या श्रावणच्या दुकानात घेऊन आले.

श्रावण एरवी सायकली आणि विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा. पण छप्पन साली तो धम्मदीक्षेला नागपूरला गेला होता आणि नंतर वर्षभर तिथंच एका गॅरेजात राहिला होता. कार्बोरेटर कसा लावतात ते त्यानं तिथं हातानं आणि कानानं शिकून घेतलं होतं.

त्यानं कार्बोरेटर उतरवून पत्र्यावर एकेक भाग मांडला. मंद चालीसाठी पेट्रोल सोडणारा जेट म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक. ते उजेडाकडे धरलं तर पलीकडचं काही दिसेना. तार घातली तर भोक मोठं होईल, म्हणून त्यानं तोंडानं फुंकलं, पेट्रोलात बुडवलं, पुन्हा फुंकलं. तिसऱ्या फुंकरीला कापसाचा एक तंतू बाहेर आला.

"जिनिंगची गाडी हाय सायेब," तो हसून म्हणाला. "टाकीत कापूस गेला. थे न पाहता मिस्तरीनं कार्बोरेटरातली सुई वर उचलून पेट्रोल वाढवून ठेवलं. म्हनून धूर."

त्यानं सुई खालच्या खाचेत बसवली, गाडी जोडली, इंजिन चांगलं तापू दिलं आणि हवेचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत बसला. फिरवायचा आणि ऐकायचा. इंजिनाचा आवाज एकसारखा झाला तशी त्यानं चाल आणखी कमी केली आणि पुन्हा स्क्रूला हात घातला. संध्याकाळपर्यंत गाडी जागेवर अशी चालू लागली, की सीटवर ठेवलेली पाण्याची वाटीसुद्धा सांडली नाही.

सदाशिवराव खूश झाले. "आता लांब चालवून पाहा. चढावर, उतारावर. उद्या मले गाडी नाही लागत."

श्रावणनं हात पुसले. मग धीर करून विचारलं, "फुलसावंगीपर्यंत नेऊ काय?"

"फुलसावंगी? पासष्ट मैल हाय! तिथं कोन हाय तुहं?"

"घरची हाय."

सदाशिवरावांनी टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. "टाकी भरून घे," ते म्हणाले. "दिवस मावळायच्या आत ये."

लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यातले सात-आठ महिनेच श्रावण आणि कौसल्या एका घरात राहिले. आधी ती नर्सच्या शिक्षणाला यवतमाळला गेली, तेही श्रावणनंच हट्टानं पाठवलं म्हणून. मग फुलसावंगीच्या दवाखान्यात नेमणूक झाली. एसटीनं जायला एक दिवस, यायला एक. घरी श्रावणची आई रुखमाबाई. तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून मुक्कामही करता येत नसे. चार-चार महिने भेट नाही. कुंकवाची डबी कोनाड्यात तशीच पडलेली. सकाळी चूल पेटवताना श्रावणला उगीच वाटायचं, आत्ता ती मागून म्हणेल, सरका, मी पेटवते.

रुखमाबाई रोज म्हणायची, "सांग तिले, सोड नोकरी. कायले पाहिजे थे?" या वेळी ते सांगायचंच, असं ठरवून श्रावण पहाटे निघाला. वाटेभर तो वाक्य जुळवत होता. दिग्रस मागं पडलं. शेताशेतांतून बाया कापूस वेचत होत्या. तूर पिवळी फुलली होती. पुसदच्या आधीच्या चढावर गाडीनं दम सोडला. उतरून त्यानं प्लग काढला तर टोक पांढरं पडलेलं. आता पेट्रोल कमी पडत होतं. त्यानं तिथंच झाकण उघडून सुई एक खाच वर घेतली. मग मात्र गाडी चढ अशी चढली, की त्याला मोठ्यानं हसू आलं.

फुलसावंगीला पोचला तेव्हा दहा वाजले होते. दवाखान्यासमोर बैलगाडी उभी होती आणि पांढऱ्या लुगड्यातली कौसल्या हातात पेटी घेऊन गाडीत चढत होती. फटफटीचा आवाज ऐकून तिनं वळून पाहिलं आणि पाय तसाच चाकावर राहिला.

"तुमी? कायनं आले?" मग तिला गाडी दिसली. चेहरा उजळला तसाच पुन्हा गंभीर झाला. "चांगली चालते काय ही?"

"चालते."

"मंग चला. सहा मैलांवर बाई अडली हाय रातपासून. बैलाले दोन घंटे लागतीन."

बैलगाडी घेऊन आलेला शेतकरी मारोतराव घाबराघुबरा झाला होता. "जा बाई, जा. मी मागून येतो," तो म्हणाला.

कौसल्या मागं बसली. एक हात पेटीवर, एक श्रावणच्या खांद्यावर. तिला असं मागं बसवून न्यावं, हे त्यानं किती वेळा मनात आणलं होतं! पण वाट म्हणजे गाडीवाट, चाकोऱ्यांत गुडघाभर धूळ. जागोजागी माणूस चालेल तेवढ्याच चालीनं न्यावं लागत होतं, आणि त्या चालीत इंजिन एकदाही बंद पडलं नाही. ती फक्त दोनदा बोलली. एकदा "डावीकडं", एकदा "सांभाळून". तिच्या बोटांचा भार त्याला सदऱ्यातून जाणवत होता. वाट संपूच नये असं वाटत होतं, आणि तिकडं ती बाई कण्हत असेल म्हणून लवकर संपावी असंही.

मारोतरावचं घर आलं तशी कौसल्या आत गेली. श्रावण अंगणात लिंबाखाली बसला. मारोतरावच्या आईनं तांब्या आणला आणि वरून पाणी सोडायला हात उंचावला. श्रावणनं ओंजळ पुढं केली नाही. छप्पन सालानंतर तो तसं पाणी पीत नव्हता.

"राहू द्या, माय," तो म्हणाला. म्हातारी तांब्या घेऊन परत गेली. घशाला कोरड होती, तरी तो बसून राहिला. आतून कौसल्याचा आवाज येत होता. कधी दटावणारा, कधी समजावणारा. त्या आवाजावर सगळं घर हलत होतं. घरी तिचा आवाज असा कधी लागलेला त्यानं ऐकला नव्हता.

दोन तासांनी मूल रडलं. मुलगी झाली. कौसल्या घामानं निथळत ओट्यावर येऊन टेकली. म्हातारी मागोमाग आली, आणि तिच्या हातात तांब्या दिला. हातात. कौसल्यानं अर्धा प्यायला आणि श्रावणकडे केला. म्हातारी पाहत राहिली. श्रावणनं तोंड लावून पाणी प्यायलं.

ऊन कलायला लागलं होतं.

"तुमाले निघा लागन," कौसल्या म्हणाली. "मले सांजलोक इथंच राहा लागते. रगत थांबलं पाहिजे."

"तुले घेऊन फुलसावंगीले परत जाऊ म्हटलं होतं. जेवू संगं."

"मलेही वाटलं." तिनं पदरानं त्याच्या कपाळावरची धूळ पुसली, मग अंगणातल्या माणसांची आठवण होऊन हात मागं घेतला. "मायचे डोळे कसे हायेत?"

"तसेच."

"काही सांगाले आलते नं तुमी? येतानीच दिसलं मले."

जुळवलेलं वाक्य त्याच्या तोंडाशी होतं. आतून म्हातारीनं हाक मारली, "बाई, जरा पाहता काय?" कौसल्यानं मान वळवली, पण जागची हलली नाही. उत्तरासाठी थांबली.

"गाडी चालवून पाहाले आलतो," श्रावण म्हणाला. "जा तू. बलावून राह्यले तुले."

ती आत गेली. दारात थांबून तिनं एकदा वळून पाहिलं. एवढंच.

दिवस मावळायच्या बेतात त्यानं गाडी जिनिंगच्या फाटकात लावली. सदाशिवराव कापसाच्या गंजीजवळ उभे होते. "कशी चालली?" त्यांनी विचारलं. "चढावर एक खाच वाढवली, बाकी बरी," श्रावण म्हणाला आणि किल्ली देऊन घराकडे चालू लागला.

रुखमाबाई दारातच बसली होती. पावलांवरून तिनं त्याला ओळखलं.

"भेटली काय पोरगी? सांगितलं नं तिले? येते काय?"

श्रावण तिच्याशेजारी बसला. खांद्यावर अजून धूळ होती. ती त्यानं झटकली नाही.

"नाही येत, माय. तिले लय काम हाय तिथं," तो म्हणाला. "आता मीच जात जाईन."