सरनोबताचा मागला अर्धा

त्या शनिवारी मी नगरहून पुणतांब्याला पोचले तेव्हा आई मागच्या अंगणात, कांद्याच्या चाळीच्या सावलीत विळी घेऊन बसली होती. पुढ्यात भाजी नव्हती. विळी पुस्तकासाठी होती.

"आनलंस?" तिनं विचारलं. जेवलीस का, एसटीत जागा मिळाली का, हे प्रश्न नंतर आले.

मी पिशवीतून पुस्तक काढून दिलं. मुकुंद सरनोबत या गुप्तहेराच्या रहस्यकथांमधलं हे शेवटचं. लेखकाचं वय झालं होतं आणि यापुढे सरनोबत लिहिणार नाही, असं त्यांनी या पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. प्रकाशकानंही थाट केला होता. एरवीची पुस्तकं पातळ पुठ्ठ्याची, स्टँडवरच्या दुकानात चिमट्याला टांगलेली असायची. हे जाड, बांधीव, वर सोनेरी अक्षरं.

आईनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "ह्याला विळी पुरायची न्हाई. हर्षल, उसाचा कोयता आन रं."

"आई, हे तरी अख्खं राहू दे. बांधीव आहे."

"बांधीव हाय म्हनून काय पूजा मांडायची? आन् मी समदं वाचंपर्यंत तू काय करशील, कांदं निवडशील?"

माझा धाकटा भाऊ हर्षल कोयता घेऊन आला. "नगरच्या कॉलेजात मराठी शिकवती, आन् इथं येऊन पुस्तकाची खांडोळी करती," तो म्हणाला. "सांगू का तुझ्या पोरांना?"

हे आमच्याकडे मी शाळेत असल्यापासून चालत आलं होतं. पुस्तक एक आणि वाचणाऱ्या दोघी. थांबायला दोघींपैकी कोणीच तयार नसे. एकदा ओढाताणीत पुस्तक मधोमध फाटलं आणि आईच्या लक्षात आलं, की हे बरं आहे. तेव्हापासून नवीन सरनोबत आला की ती तो मध्यावर उघडायची आणि दुधीसारखा विळीवर फोडायची. पुढला अर्धा तिनं वाचून मला द्यायचा, मग ती मागल्या अर्ध्याला लागायची. दोघींचं झालं की दोन्ही अर्धे मागच्या दारासमोर राहणाऱ्या सरवरी चाचीकडे जायचे. चाचीचं वाचून झालं की आई पोती शिवायचा दाभण घ्यायची आणि सुतळीनं पुस्तक पुन्हा शिवून फळीवर ठेवायची. आमच्या फळीवरच्या सगळ्या सरनोबतांच्या पाठीवर टाके आहेत.

आणखी एक नियम होता. पुढला अर्धा संपला की मागल्याला हात लावायच्या आधी चाचीकडे जायचं आणि शेवट काय होणार याचा आपापला अंदाज तिच्या कानात सांगायचा. एकीचा दुसरीला कळू द्यायचा नाही. चाचीच्या पोटात गोष्ट राहते. चाचीचंही वाचून झालं की ती निकाल द्यायची, आणि जी चुकली असेल तिनं तोंडानं "हरले" म्हणायचं.

आई हरली की लगेच म्हणायची, हसत हसत, हातातलं काम न थांबवता. मी कधी म्हटलं नाही. मी म्हणायची, हे पटण्यासारखं नाही, लेखकानं पुरावा लपवून ठेवला, आधी कुठे सांगितलं होतं की त्या दिवाणजीला जुळा भाऊ आहे. मी बरंच वाचलं होतं आणि मला कारणं पुष्कळ सुचत.

"एकदा तरी म्हन की," आई त्या दिवशीही म्हणाली. कोयत्याच्या पात्यावरून तिनं हात फिरवून पाहिला. "जीभ झडती का? शेवटचं पुस्तक हाय."

"अजून हरायची तर आहे मी."

"हरशील. सरनोबताला मी तुझ्यापरीस जास्त वळखते."

तिनं दोन्ही हातांनी कोयता दाबला आणि बांधणी करकरत सुटली.

दुपारभर ती वाचत होती. चष्मा नाकावर घसरलेला, ओठ हलत असलेले. आई सातवी शिकली होती आणि भराभर वाचायची, पण ओठ हलायचेच. मध्येच म्हणाली, "ह्या बी टायमाला डबा उघडला आन् फोन आला त्याला." सरनोबताचा हा नेहमीचा प्रकार. बहीण त्याला रोज डबा देते आणि तो खायला बसला की कुठेतरी मुडदा सापडतो. डबा तसाच परत जातो. मालिकेच्या सुरुवातीपासून तो माणूस धड जेवला नव्हता आणि आईला खुन्यापेक्षा त्याचाच जास्त राग होता.

दिवेलागणीला तिनं पुढला अर्धा मिटला, पदरानं चष्मा पुसला आणि मागच्या दारानं चाचीकडे गेली. दोघींचं हसणं ऐकू आलं. परत आल्यावर तिनं तो अर्धा माझ्या हातात दिला.

"मागलं घेतेस लगेच?" मी विचारलं.

"न्हाई. सकाळी घेईन, चहासंगं. शेवटचंच हाय. दमानं खाऊ की."

जेवणात मेथीची भाजी आणि भाकरी होती. वीज गेली, आली. आईनं हर्षलच्या बायकोला दुधाचं पातेलं झाकायला सांगितलं. मी थोडं वाचलं आणि झोपले.

सकाळी आई उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. मागला अर्धा तिच्या उशाशी होता, चष्मा त्याच्यावर ठेवलेला. बायका तिला अंघोळ घालत होत्या तेव्हा हर्षलनं तो माझ्याकडे आणून दिला. म्हणाला, "हे कुठं ठेवू?" मी तो माझ्या पिशवीत ठेवला.

दहावा गोदावरीच्या घाटावर झाला. तेरावा घरी. नातेवाईक आले, गेले. सरवरी चाची रोज येऊन स्वयंपाकघरात बसायची, मटार सोलायची, भांडी पुसायची. पुस्तकाबद्दल बोलली नाही. मी पण नाही.

नगरला परतल्यावर मी पुढला अर्धा वाचून काढला. त्यात सरनोबताला एक चिठ्ठी येते: बंद पडलेल्या जिनिंग मिलमध्ये एकटा ये. चिठ्ठी पाठवणारा कोण, हे त्याला ठाऊक आहे. तिथं आपल्याला मारणार, हेही ठाऊक आहे. तो बॅटरी घेतो, बहिणीला दार लावून घे म्हणतो आणि निघतो. आईचा कोयता नेमका याच पानावर पडला होता.

मागला अर्धा मी उघडला नाही. वर्गात कादंबरीवर शिकवत होते, घरी दुसरी पुस्तकं वाचत होते. स्टाफरूममध्ये आमच्या इतिहासाच्या निकिता मॅडम सरनोबताच्या शेवटाबद्दल बोलायला लागल्या तेव्हा मी हातातला चहा तसाच ठेवून बाहेर गेले. कारण साधं होतं. आईनं काहीतरी अंदाज केला होता. मी शेवट वाचेपर्यंत तो बरोबरही नव्हता आणि चूकही नव्हता. तिचा डाव चालू होता. वाचला की संपणार होता.

महिन्याच्या कार्याला पुन्हा पुणतांब्याला गेले. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर मात्र अजून नगर, नगर असंच ओरडतो. दोन्ही अर्धे पिशवीत होते. का नेले, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

जेवणं झाल्यावर सरवरी चाची मागच्या दारी आली आणि चाळीच्या सावलीत, आईच्या जागेच्या थोडी शेजारी बसली.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "माझी पाळी कधी यायची?"

"चाची, माझं वाचून झालं नाही."

"एवढा मोठ्ठा पगार घेतीस वाचायचा आन् महिन्यात एक पुस्तक व्हईना? बनू असती तर पाठीत धपाटा घातला असता." बनू म्हणजे आई, बनुबाई. "पुढलं तरी झालं का?"

"झालं."

"मग अंदाज सांगायला आली न्हाईस ती?"

"कुणासाठी सांगू आता?"

"माझ्यासाठी. मी काय मेले का?" चाचीनं पाय पसरले, गुडघा दाबला. "हे बघ बेटी. तुझ्या आईचा अंदाज माझ्या पोटात हाय. महिना झाला, तसाच हाय. एकटीला पेलत न्हाई मला आता. तू तुझा सांग, मग मी तिचा सांगते. नियम त्यो नियम."

चाळीत हर्षल खराब कांदे वेगळे काढत होता. वास येत होता.

"सरनोबत मरतो," मी म्हणाले.

"बस?"

"लेखकानं मालिका संपवायची म्हटलं तर दुसरं काय करणार? आधीपासून तयारी केली आहे. बहिणीला दार लावायला सांगतो, मागं वळून बघतो. अशी पुस्तकं अशीच संपतात."

चाचीनं तोंडावर पदर धरला. हसत होती. "व्हय गं बाई. बनूनं हेच सांगितलं हुतं. म्हनली, आमची आरती म्हनंल, मेला. शिकलेल्या लोकांना मानूस मारल्याबिगर गोष्ट संपवता येत न्हाई."

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हनली, मरत बिरत न्हाई. खुनी धरतो, घरी जातो, पाय धुतो आन् बसून जेवतो. पोटभर." चाचीनं पदर खाली घेतला. "आता वाच. मोठ्यानं वाच. माझ्या ह्या डोळ्याचं आपरेशन व्हायचंय अजून, अक्षरं मुंग्यांगत पळत्यात."

मी मागला अर्धा बाहेर काढला. त्याला पुढचा पुठ्ठा नव्हता, कापलेल्या कडेला धागे लोंबत होते. वाचायला लागले.

सरनोबत मिलमध्ये शिरतो. सरकीच्या ढिगामागून आवाज येतो. चाची मध्ये मध्ये बोलत होती: "त्याला म्हनावं मागं बघ." "त्यो मॅनेजर हाय बघ, बनूनं सांगितलं तवापासून मला त्याची मिशी आवडली न्हाई." हर्षल कांदे सोडून कधी जवळ येऊन बसला ते कळलं नाही. त्यानं यातलं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. "हा सरनोबत कोन, पोलीस का?" त्यानं विचारलं, आणि चाचीनं त्याला गप बसवलं.

मग गोळी सुटली. सरनोबत सरकीच्या ढिगावर कोसळला, बॅटरी घरंगळत गेली, विझली. प्रकरण संपलं.

मी थांबले. मला वाटलं होतं तसंच झालं होतं. आईचा अंदाज चुकला होता, आणि ते मला नको होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला नको होतं.

"मेला?" हर्षल म्हणाला.

"थांब," चाची म्हणाली. "आरती, पानं किती राहिली?"

मी चिमटीत धरून दाखवली.

"एवढी पानं काय त्याच्या दहाव्याची हायेत का? पुढं वाच."

पुढं वाचलं. गोळी खिशातल्या डब्याच्या झाकणाला लागली होती. न खाल्लेला डबा. वर्गात हे कुणी लिहून दिलं असतं तर मी समासात लाल रेघ मारली असती. मॅनेजर धरला गेला. जबाब झाले, मिलच्या दारावर कुलूप पडलं. शेवटच्या पानावर सरनोबत पहिल्या एसटीनं गावी पोचतो. बहीण दार उघडते. तो दारातल्या बादलीत पाय धुतो, पाटावर बसतो. ताटात भाकरी आणि आमटी असते. फोन वाजतो. बहीण त्याच्याकडे बघते. तो म्हणतो, वाजू दे, आणि भाकरी मोडतो.

खाली समाप्त असं लिहिलं होतं.

हर्षलनं उठून कांद्याची पाटी उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली. चाची डोळे पुसत होती. डोळ्याला पाणी येतं, आपरेशन व्हायचंय म्हणाली.

"डबा मध्ये आणणं हे काही पटण्यासारखं..." मी सुरुवात केली.

चाचीनं माझ्याकडे बघितलं. निकाल द्यायचं तिचंच काम होतं, पण ती थांबली होती.

मी आत गेले. दाभण खुंटीवरच्या पिशवीत होता, सुतळीचं बंडल त्याच्याच शेजारी. बाहेर येऊन आईच्या जागेवर बसले, दोन्ही अर्धे एकाला एक लावून गुडघ्यात धरले. बांधणी जाड होती, दाभण आत जाईना. चाचीनं पलीकडून पुस्तक घट्ट धरलं. पहिला टाका वाकडा आला.

"हरले," मी म्हणाले. दुसरा टाका घातला आणि पुन्हा म्हणाले. "आई, हरले मी."