सामानाच्या खोलीची चावी

बारक्याच्या पँटच्या खिशात चावी सापडली तेव्हा त्याच्या आईला त्यात काही विशेष वाटलं नाही. दर रविवारी संध्याकाळी तो वसतिगृहातून मळक्या कपड्यांचं गाठोडं घेऊन यायचा, अंगावरचेही बदलून मशीनपाशी टाकायचा, जेवायचा आणि परत जायचा. खिशांतून पेनांची टोपणं, चुरगळलेली तिकिटं असं काहीबाही निघायचंच. नाव बारक्या, पण घराच्या दारातून येताना मान वाकवावी लागायची. तिने चावी फ्रिजशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि मशीन लावलं. चावीच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर 'सामान' एवढंच कोरलेलं होतं.

विद्यापीठात तिला सगळे बाई म्हणायचे. ती संख्याशास्त्र शिकवायची आणि शिस्त समितीची अध्यक्ष होती. विद्यार्थ्यांच्या वर्तनाचे नवे नियम तिनेच बसून लिहिले होते. 'गंमत म्हणून केलं, ही सबब चालणार नाही' हे वाक्यही तिचंच. त्यावरून स्टाफरूममध्ये तिची बरीच थट्टा झाली होती.

सोमवारी सकाळी कुलसचिवांनी तिला बोलावून घेतलं.

"बाई, काल वसतिगृहात भलतंच झालं," ते म्हणाले. "पहिल्या वर्षाचा एक मुलगा तळघरातल्या सामानाच्या खोलीत अडकला. दुपारपासून. वरची सगळी पोरं मॅच बघायला गेलेली. संध्याकाळी पहारेकऱ्याला धडधड ऐकू आली, त्याने पहारीने दार फोडलं. दमेकरी पोर, निळं पडलं होतं. दवाखान्यात आहे. वाचला म्हणायचा."

"अडकला, की कोंडला?"

"तो म्हणतो, कुणीतरी मागून ढकललं. अंधारात तोंडं दिसली नाहीत. वरच्या वर्गातली पोरं म्हणतात, दार आपटलं की आपोआप बंद होतं, तो आत आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि बोर्डावरची चावी गायब आहे."

बाईंनी समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. गुरुवारी समिती बसवायचं ठरलं. होकार देताना आपला आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिला नवल वाटलं.

घरी आली तेव्हा खिळा रिकामा होता.

"बारक्या येऊन गेला दुपारी," नवरा म्हणाला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. एका फ्रेमचा स्क्रू बसवत तो खाली मान घालून बोलत होता. "चावी राहिली म्हणाला. चेहरा उतरला होता. जेवलासुद्धा नाही."

तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने स्क्रू पुरता घट्ट केला आणि फ्रेम बाजूला ठेवली.

"मी कुठलीही चावी पाहिलेली नाही," मग तो म्हणाला. "तूही पाहिली नाहीस."

"आत्ताच तू म्हणालास..."

"त्याचं शेवटचं वर्ष आहे. त्या पोराचा जीव वाचलाय. आता आपल्या पोराचा बळी देऊन कुणाचं भलं होणार आहे?"

ती रात्र आणि पुढचा दिवस बारक्याने फोन उचलला नाही. बुधवारी ती सरळ कँटीनमध्ये गेली. तो कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटाच बसला होता. चहावर साय धरली होती.

"चावी कुठाय?" तिने समोर बसत हळूच विचारलं.

"तू कोण म्हणून विचारतेयस? आई की बाई?"

"मलाच नीट कळत नाहीये."

त्याने आजूबाजूला पाहिलं. "दहा मिनिटं ठेवायचं ठरलं होतं त्याला. सगळ्यांनाच ठेवतात, आम्हालाही ठेवलं होतं. कुलूप मी लावलं. मग मॅच सुरू झाली, आरडाओरडा, आणि..." त्याने कप बाजूला सारला. "मी विसरलो, आई. साफ विसरलो. तुझ्या हातचं जेवत होतो तेव्हा तो आत होता."

तिचा हात टेबलावर पुढे गेला आणि मधेच थांबला.

"सगळ्यांनी एकच सांगायचं ठरलंय," तो म्हणाला. "मी तोंड उघडलं तर बाकीचेही अडकतात. काय करू सांग."

खरं सांग, हे शब्द तिच्या जिभेवर होते. पण त्याच क्षणी, तो गप्प राहिला तर सुटेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची तिला भीती वाटली.

"तुझं तू ठरव," ती म्हणाली. "पण ती चावी माझ्या घरात होती. मी उद्या त्या खुर्चीवर बसू शकत नाही. आणि का बसत नाही, ते मला सांगावं लागेल."

तो उठला आणि चहा तसाच टाकून निघून गेला.

गुरुवारी सकाळी तिने कुलसचिवांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमच्या जागी मी असतो तर..." ते म्हणाले आणि तिथेच थांबले. अध्यक्षपद त्या दिवसापुरतं कायदा शिकवणाऱ्या सरांकडे गेलं.

सभागृहाबाहेर एकच बाकडं होतं. त्यावर एक मावशी आधीच बसल्या होत्या. तिने दुसरं टोक धरलं. आत एकेक मुलगा जात होता. दार उघडलं की सरांचा आवाज येई, मिटलं की पंख्याची घरघर. शेजारच्या मावशींचा उजवा पाय सारखा फरशी दाबत होता.

"सवय," त्या ओशाळून म्हणाल्या. "मी गाडी शिकवते. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. जरा धास्ती वाटली की पाय आपोआप जातो. भाच्यासाठी आलेय. आई नाही त्याला, मीच वाढवलंय." मग त्यांनी विचारलं, "तुमचंही कुणी आत आहे?"

"मुलगा."

"त्यालाही कोंडलं होतं?"

बाईंना कुणाची तरी हाक यावी असं वाटलं. कुणी हाक मारली नाही.

"नाही," ती म्हणाली. "कुलूप लावणारा."

मावशींचा पाय थांबला. त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली, पण जागेवरून उठल्या नाहीत. बारक्या मान खाली घालून दोघींच्या समोरून आत गेला. दार मिटलं.

निकाल दुपारी लागला. बारक्याला एक वर्ष विद्यापीठाबाहेर, वसतिगृह कायमचं बंद. बाकीच्यांना एकेक सत्र. ती कशीबशी मावशींकडे वळली.

"तो तुमच्या भाच्याला भेटून माफी..."

"नको," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आत्ता त्याला कुणाचं तोंड बघायचं नाहीये. तुमच्या मुलाला हलकं वाटावं म्हणून मी माझ्या मुलाला त्याच्यापुढे बसवणार नाही."

बारक्या फाटकाबाहेर उभा होता. दोघं चालू लागली.

"सर सांगत होते," तो म्हणाला, "तू सकाळीच जाऊन सांगितलंस."

"हो."

"मी आत जाऊन आधी चावीच टेबलावर ठेवली. कुणी काही विचारायच्या आत. मला ठाऊकच नव्हतं की त्यांना सगळं माहितीय." तो थोडं चालला. "मी सांगणारच होतो, आई. तू दम धरला नाहीस."

तिच्याकडे उत्तर होतं. नियमात बसणारं, बरोबर उत्तर. ते तिने दिलं नाही.

पुढचे काही महिने घर जड झालं. नवरा कामापुरतं बोले. बारक्या एका गोदामात माल उतरवायला जाऊ लागला. हात सोलपटून घरी यायचा आणि ताट घेऊन आपल्या खोलीत जेवायचा. वर्ष संपल्यावर त्याने परत नाव घातलं. आता तो घरूनच जातो, बसने. आईशी बोलतो, पूर्वीसारखं नाही, पण बोलतो.

पहिल्या वर्षाचा तो मुलगा त्या निकालानंतरच्या सत्रात तिच्याच वर्गात आला. त्याने दाराजवळची जागा धरली. ती शिकवायला सुरुवात करणार, इतक्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, दार लावू का? बाहेरून फार आवाज येतोय."

मुलाचं पेन थांबलं.

"राहू दे उघडं," ती म्हणाली, "मी मोठ्याने बोलते." आणि ती फळ्याकडे वळली.