मोठी पुडी

माझ्या तान्ह्या वेदिकाला सकाळपासून जुलाब होत होते. तिला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकूंचे ऑफिसात सारखे फोन येत होते, तरी हातातलं पान पुरं केल्याशिवाय मला निघवेना.

आमची संस्था त्र्यंबक तालुक्यातल्या आरोग्यसेविकांसाठी माहिती लिहिते. २००७ साली आमचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या शेखरने ऑफिसात विकी बसवली, म्हणजे सगळ्यांना लिहिता-बदलता येईल अशी वेबसाइट. नाशकात आम्ही पान लिहायचं, हरसूलच्या केंद्रात सविताने ते उघडून छापायचं आणि बाजाराच्या दिवशी बायकांना वाटायचं.

त्या दिवशीचं पान जलसंजीवनीचं, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीचं होतं. आधी एका ग्लासाच्या छोट्या पुड्या यायच्या, आता लिटरच्या मोठ्या आल्या होत्या. मी मोठ्या पुडीचा फोटो जुन्याच नावाने चढवला. खाली ‘एक ग्लास’ खोडून ‘एक लिटर उकळून गार केलेलं पाणी’ लिहिलं. तेवढ्यात लाइट जायची वेळ झाली. लोडशेडिंगने आम्हा सगळ्यांना एकच सवय लावली होती, काम साठवलं की सुटलो. कोपऱ्यात ‘ड्राफ्ट साठवला’ असं उमटलं, मी कॉम्प्युटर बंद केला आणि रिक्षा पकडली.

वेदिकाला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजत होते, तर शेखरचा फोन.

“मीनाताई, लाइट आली म्हणून पान बघतोय. फोटो मोठ्या पुडीचा आणि खाली एक ग्लास?”

“मी लिटर केलंय रे! साठवलं म्हणून आलं होतं की.”

“तो ड्राफ्ट. ‘प्रकाशित करा’ दाबेपर्यंत तो फक्त तुम्हाला दिसतो. फाइलचं तसं नाही. त्याच नावाची नवी चढवली की पानावर लगेच तीच.”

मोठी पुडी एका ग्लासात. आजारी बाळाला इतकं खारट पाणी म्हणजे जिवावरचाच खेळ.

“तू ते आधी नीट कर. आज बाजार आहे, मी हरसूलला फोन लावते.”

सविता खुशीत होती. “छापलं ना ताई! फोटो लय झ्याक आलाय.”

“कोणाला दिलंस का?”

“आत्ताच कुसाबाईला. नातवाला हगवण लागलीय तिच्या. पुडी न् कागद घेऊन जीपकडं गेली.”

“सविता, पळ. थांबव तिला. कागद चुकलाय, माझ्याकडून चुकलाय. ग्लास नाही, लिटर.”

तिने रिसीव्हर तसाच टेबलावर टाकला. पलीकडून बाजाराचा गलका ऐकू येत होता, कोणीतरी सुक्या बोंबलांचा भाव करत होतं. वेदिकाने चमच्यातलं पाणी माझ्या साडीवर थुंकलं. मी पुन्हा चमचा भरला.

“गावली!” सविताला धाप लागली होती. “जीप भरंना म्हणून गावली. तुम्हीच बोला, मला लय बोलतीय.”

“काय गं बाय,” म्हातारा, खणखणीत आवाज आला. “कागदात ग्लास, ही म्हणती लिटर. लेकराचं पोट का हंडा हाय?”

“एकदम नाही पाजायचं, आजी. अख्खी पुडी लिटरभर पाण्यात कालवून झाकून ठेवायची, दिवसभर चमच्या-चमच्याने द्यायची. उरलेलं दुसऱ्या दिवशी टाकून द्यायचं.”

“लिटर मोजू कशानं?”

“सविताकडून पाण्याची रिकामी बाटली घ्या, लिटरची.”

“तुला काय ठावं, तुला लेकरू हाय का?”

“मांडीवरच आहे. तिलाही हेच पाजतेय.”

“पिती?”

“थुंकते.”

कुसाबाई हसली. “आमचा बी थुंकतो. मग?”

“जरा थांबून परत द्यायचं. पण लघवी थांबली, डोळे खोल गेले, तर पाण्यावर बसू नका. सरळ दवाखाना.”

“सविते, लिही गं कागदावर. लिटर. मोठं लिही, सुनेला वाचता येतं. दवाखान्याचं बी लिही.” मग मला म्हणाली, “जाते बाय, जीप निघाली. पाजत राहा तिला.”

उरलेले कागद फाडायला सांगून मी शेखरला फोन लावला.

“बदललं, ताई. ‘प्रकाशित करा’ पण दाबलं.”

“वाचून दाखव.”

“आत्ता?”

“आत्ता. पहिल्या ओळीपासून.”