चौथ्या मजल्यावरची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे, आणि स्वस्थ बसणं मला कधीच जमलेलं नाही. खजुराच्या पात्यांची माझी वीण जागोजागी काळवंडली आहे, तळ दोनदा बदलून झाला आहे, तरी सकाळ झाली की माझी खाली जायची घाई सुरू होते. माझ्या दोन कानांना बांधलेली दोरी कैरोतल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून सुटते आणि थेट चाळणीवाल्यांच्या गल्लीत उतरते. त्या गल्लीत आता चाळण्या करणारा एकही उरलेला नाही. नाव मात्र अजून तेच आहे.

माझा जन्म फयूमजवळच्या एका खेड्यातला. बहिय्या नावाच्या बाईने मला विणलं. पाती भिजत घालायची, ओली आहेत तोवर वळवायची आणि बोटांनी घट्ट दाबत जायचं, असं ते काम. माझ्या वेळी बहिय्याचं शेजारणीशी पाण्यावरून भांडण चाललं होतं. त्या भरात माझा एक कान दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच झाला. म्हणून दोरीला लावल्यावर मी कधी सरळ लटकत नाही. वारा नसला तरी एक गिरकी घेतेच. माझ्या चंचल स्वभावाचा सगळा दोष मी त्या शेजारणीला देते.

बसच्या टपावर बसून मी शहरात आले आणि बाजारात तफीदाच्या हाती पडले. गल्लीत सगळे तिला सित्त तफीदा म्हणतात, म्हणजे तफीदाबाई. ती शिवणकाम करते. नवरा गेल्यापासून चौथ्या मजल्यावर एकटीच राहते, पायाने चालवायचं मशीन आणि मी, एवढाच तिचा संसार. तिने माझ्याआधी तीन टोपल्या नापसंत केल्या होत्या. मला उचलून म्हणाली, "ही वाकडी आहे, पण हिच्यात धमक दिसते." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं राबले.

माझं काम सोपं होतं. सकाळी मी रिकामा डबा घेऊन खाली उतरायची. खाली अम्म खलफचं दुकान. 'अम्म' म्हणजे काका, पण त्याला काका म्हणणाऱ्यांत त्याच्याहून म्हातारेही आहेत. तो डब्यात गरम बाकल्याची उसळ भरायचा, वर चार रोट्या आणि पुदिन्याची जुडी ठेवायचा आणि दोरीला दोन हिसके द्यायचा. दोन हिसके म्हणजे ओढा. एक हिसका म्हणजे थांबा, अजून काही यायचं आहे. मग कुणी उसवलेली विजार टाकायचं, कुणी बटण तुटलेला शर्ट. संध्याकाळी तेच कपडे नीट होऊन माझ्यातूनच खाली जायचे. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्याही मीच आणायची. औषधवाल्याचा माणूस त्या खलफकडे देऊन जाई.

हळूहळू तिचे गुडघे धरले. आमचा जिना अंधारा, पायऱ्या उंच. दुसऱ्या मजल्यावर खोक्यांचं गोदाम, तिसऱ्यावरचं कुटुंब कुवेतला गेलेलं, दाराला कुलूप. ती जिना उतरेनाशी झाली, आणि लोक माझी तारीफ करू लागले. "टोपली आहे म्हणून चाललंय हो सित्त तफीदाचं," असं खलफ ज्याला त्याला सांगे. मी फुगून जायची आणि दोन गिरक्या जास्त घ्यायची. तीन वर्षांत चौथ्या मजल्याचं दार एकाही शेजाऱ्याने ठोठावलं नाही. ही गोष्ट माझ्या तेव्हा लक्षातसुद्धा आली नव्हती.

गल्लीची तेव्हा फार दुर्दशा होती. तोंडाशी कचऱ्याचा ढीग, भिंतींना ओल, गटाराचं झाकण गायब, आणि उन्हाळ्यात वरून असा भाजका उजेड की दुपारी कुत्रंही फिरकत नसे. लोक येता-जाता नाक दाबून सरकारला शिव्या घालत आणि आपापल्या दारातला केर त्याच ढिगावर टाकत. मी वरून सगळं बघायची. मला वाटायचं, मला हात असते तर एकेकाच्या पाठीत धपाटा घातला असता.

शेवटी उस्ताझ वजदींनी मनावर घेतलं. उस्ताझ म्हणजे गुरुजी. ते चित्रकलेचे निवृत्त मास्तर, आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारे. त्यांच्या शर्टाच्या खिशात सदैव मोजपट्टी असते. त्यांनी लोकांना आधी चहा पाजला, मग भिंतीवर खडूने गल्लीचा नकाशा काढला आणि सांगितलं, "तक्रारी झाल्या असतील तर फावडी घ्या." पुढचे कित्येक शुक्रवार नमाज झाला की माणसं पायजम्याचे पाय दुमडून उतरायची. ढीग हलला. बायकांनी भिंतींना चुना दिला. खलफने चीजचे रिकामे पत्र्याचे डबे काढले, आणि त्यांत सुवासिक रैहानची, म्हणजे सब्जाची, रोपं लागली. समोरच्या बैठ्या दुमजली इमारतीत राहणारी करीमा, जिचा आवाज साऱ्या गल्लीला पुरतो, ती दारादारांत उभी राहून कामचुकारांची नावं घ्यायची.

सावलीचं कापड ही वजदींची शेवटची कल्पना. तंबू शिवणाऱ्यांकडून लाल-निळ्या नक्षीच्या उरलेल्या पट्ट्या मिळाल्या होत्या. त्या जोडून एकसंध कापड करायचं आणि समोरच्या गच्चीपासून आमच्या दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत ताणायचं. शिवणार कोण? तफीदाच. पट्ट्या माझ्यातूनच वर गेल्या, मित्रांनो. एकेक गठ्ठा इतका जड की माझे कान करकरले. चार आठवडे मशीन चालू होतं. मापं वजदी चिठ्ठीवर लिहून पाठवत, ती चूक काढून चिठ्ठी परत पाठवे. दोघांचंही डोकं शिवणीत अडकलेलं. मी रोज कुठून कुठे जाते, हा विचार दोघांनाही शिवला नाही. मलाही नाही.

शुक्रवारी शिवून झालेलं कापड माझ्याच दोरीला बांधून खाली गेलं, आणि लोकांनी ते ताणलं. नक्षी खालच्या बाजूला, बसणाऱ्यांना दिसावी म्हणून. खालून टाळ्या ऐकू आल्या, कुणीतरी लग्नात करतात तसा जीभ हलवून हर्षाचा लुलुकार केला. तफीदा कठड्याला टेकून ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

शनिवारी सकाळी तिने मला सोडलं. मी भरभर उतरले आणि मऊशा कशावर तरी टेकले. खाली गल्ली नव्हती. कापड होतं.

तिने मला उचललं, उजवीकडे सरकवलं, पुन्हा सोडलं. पुन्हा कापड. डावीकडेही कापडच. तिने हाक मारली, "खलफ." पण खाली रेडिओ लागला होता, आणि सावलीत खुर्च्या मांडून बसलेल्या माणसांचा गलका त्याहून मोठा होता. किती वर्षांनी त्या गल्लीत माणसं बसली होती. तिने दुसऱ्यांदा हाक मारली नाही. मला वर ओढून म्हणाली, "बसू दे त्यांना. कापड उतरवा म्हणायला माझी जीभ नाही उचलायची."

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. फोन त्या काळी फक्त खलफच्या दुकानात. तिच्या घरात तांदूळ, मसूर आणि सुके खजूर होते, म्हणजे पोटाचं निभलं असतं. पण गोळ्यांच्या पाकिटात चारच गोळ्या होत्या. रोज सकाळी ती मला सोडून बघायची, जणू कापडाचं मन बदलेल. मी डबा घेऊन तिथे बसून राहायची. माझ्या खाली, कापडाच्या पलीकडे, माणसं बोलत असायची, आणि मला सगळं ऐकू यायचं.

"सित्त तफीदाची टोपली दिसत नाही," खलफ म्हणाला.

"तांता शहरातला भाऊ येऊन घेऊन गेला असेल तिला," करीमा म्हणाली. "टोपली नाही म्हणजे माणूस नाही."

"वर जाऊन बघतो एकदा."

"अजिबात जाऊ नका. माझं ताट तिच्याकडे आहे. पानांत भरलेला भात पाठवला होता मी मागच्या आठवड्यात. असलीच घरी आणि कुणी दार वाजवलं तर तिला वाटेल, करीमाने ताट मागायला माणूस धाडला."

खलफला ते पटलं. आमच्याकडे ताट रिकामं परत पाठवत नाहीत, आणि पाठवलेलं कुणी मागतही नाही. तफीदानेही ते ताट पुसून, त्यात साखरेची बिस्किटं रचून दाराशी ठेवलं होतं. ते खाली न्यायला मीच होते, आणि मी अडकले होते. अशा प्रकारे खालची माणसं तिचा मान राखत बसली आणि वर तिच्या गोळ्या संपत आल्या.

चौथ्या दिवशी कुणाचं तरी लक्ष कापडाला पडलेल्या गोल फुगवट्याकडे गेलं.

"मांजर झोपतंय वर," करीमाने निकाल दिला. "नखांनी फाडेल मेलं."

खलफने लांब बांबूला झाडू बांधला आणि मला खालून टोचलं. "हुश्श. चल, नीघ." मी जागची हलले नाही. हलणार कशी, दोरी वर तिच्या हातात होती. त्याने आणखी दोनदा टोचलं. इतकी वर्षं ज्याची उसळ वाहिली, तो मला मांजर समजून हाकलत होता. तेवढ्यात वर ओढ बसली आणि मी उठले. खाली सगळे हसले. "बघा, गेलं," खलफ म्हणाला.

पाचव्या दिवशी सकाळी तिने शेवटच्या गोळीचा उरलेला अर्धा तुकडा घेतला आणि मला सोडलं. मी कापडावर तिरकी पडले, डबा कलंडला. खाली वजदींचा आवाज आला, "आज मी सोक्षमोक्ष लावतो. शिवण उसवली तर पुन्हा सित्त तफीदाला त्रास." ते समोरच्या गच्चीवर काठी घेऊन चढले. मांजर हाकलायला आलेले ते कठड्याशी आले, त्यांनी मला पाहिलं, डबा पाहिला, दोरी पाहिली. मग त्यांची नजर दोरीवरून हळूहळू वर चढत चौथ्या मजल्यापर्यंत गेली. तिथे ती उभी होती.

"कापड छान बसलंय, उस्ताझ," ती म्हणाली. "मधली शिवण तर नाही ना ताणली?"

वजदींच्या हातून काठी पडली. ते वळले आणि जिन्याकडे धावले.

मग मी ऐकलं ते मला कधी विसरता येणार नाही. आमच्या अंधाऱ्या जिन्यात पावलं वाजू लागली. एक नाही, कितीतरी. खलफ धापा टाकत होता आणि पायऱ्या किती उंच म्हणून कुरकुरत होता. गोळ्याही पाच दिवस वर गेल्या नाहीत हे खलफला आठवलं होतं, म्हणून औषधवाल्याकडून धावत आणलेलं पाकीट वजदींच्या मुठीत होतं. करीमा सगळ्यांच्या मागे, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प. तफीदाने दार उघडलं, गोळी घेतली, पाणी प्यायली आणि मगच बोलली.

"जिना पडला असेल असं वाटलं होतं मला. तीन वर्षांत कुणी आलं नाही, म्हणून."

कुणी मान वर केली नाही. करीमाला एकदम रडू फुटलं. तफीदाने बिस्किटांनी भरलेलं ताट तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "रडतेस काय? मोजून घे, एक मी खाल्लंय."

"आत्ता उतरवतो ते कापड," वजदी म्हणाले.

"हात लावून बघा. चार आठवडे पाय झिजवलेत मी त्याच्यावर." तिने कात्री उचलली. "फक्त माझ्या बाजूचं टोक वर आणा. टोपलीपुरती वाट कापते आणि कडा शिवून देते."

तसंच झालं. त्याच संध्याकाळी मी त्या वाटेतून खाली गेले, आणि खलफने डबा भरताना माझ्या कडेवर हात ठेवून हळूच म्हटलं, "माफ कर गं." टोपलीची माफी मागताना त्याला कुणी पाहिलं नाही. मी कुणाला सांगितलंही नव्हतं, आज तुम्हालाच सांगते आहे.

पण मित्रांनो, माझ्या मनातली टोचणी तेवढ्याने गेली नाही. झाडूची नव्हे, वेगळीच. मी इतकी वर्षं मिरवत होते की मी तिला गल्लीशी जोडून ठेवलं. खरं तर माझ्यामुळे गल्लीला तिच्या दाराशी येण्याची गरजच उरली नव्हती. उसळ वर गेली की सगळ्यांना वाटायचं, सित्त तफीदाची खबर घेतली. खबर डब्याची घेतली जायची. मी चांगलं काम केलं म्हणूनच हे घडलं, आणि याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आज दुपारी करीमा वर आली. आता ती आठवड्यातून दोनदा येते आणि एका वेळी चार दिवसांचं बोलते. म्हणाली, "तुम्ही शिवलेलं कापड तुम्ही खालून पाहिलंच नाही."

"पाहून काय करू? मला त्याचा टाका न् टाका पाठ आहे."

"उलट्या बाजूने."

तफीदाने हातातली कात्री खाली ठेवली. तासाभरात खलफची लाकडी खुर्ची वर आली आणि चौघांनी तफीदाला तिच्यात बसवून उचललं. प्रत्येक वळणावर तिचे हुकूम मला ऐकू येत होते. "डावीकडे घे, खलफ. डावा हात कुठला ते तरी ठाऊक आहे ना? उस्ताझ, धाप लागली तर मोजपट्टी खाली ठेवा." मग आवाज लांब गेला.

मी इथे कठड्यावरच्या खिळ्याला आहे. दोरी धरायला कुणी नाही, म्हणून नुसती गोल फिरते आहे. इथून मला कापडाची उलटी बाजू दिसते: गाठी, लोंबणारे दोरे, वजदींनी पेन्सिलीने घातलेले आकडे. खालची नक्षी काही दिसत नाही. फक्त मघाशी खुर्ची जमिनीला टेकल्याचं ऐकू आलं, आणि मग तिचा आवाज: "तिसरी पट्टी वाकडी गेली आहे." आणि त्यावर सगळी गल्ली हसली.

तेव्हा मित्रांनो, आपली गल्ली जरूर झाडा, रंगवा, सावली धरा. पण काम झालं की एकदा मान वर करून बघा, कुणाची वाट आपण बुजवली तर नाही ना. आणि दोरी सुरळीत चालत असली तरी जिना चढा. माझ्यासारख्या टोपलीत भाकरी मावते, औषध मावतं, शेजारी मावत नाही.

आता उन्हं समोरच्या गच्चीमागे गेली आहेत. खाली चहाचे पेले अजून वाजताहेत, करीमा काहीतरी सांगते आहे, खलफने रेडिओ बंद केला आहे. मी वाट बघते आहे, आणि ती वर यायचं नाव घेत नाही.