माझ्या डोक्यावरचा तंबू

मित्रांनो, माझ्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून आधी ओळख सांगतो. मेडशीच्या दौलतरावांच्या जीपवर जी काळी लोखंडी चौकट दिसते, ती म्हणजे मी, त्या जीपचा जुना कॅरियर. माझं वय चौदा वर्षं. रंग जागोजागी उडालाय. स्वभावाचं म्हणाल तर तो काही फार चांगला नाही, आणि आज मी तो लपवणार नाही.

माझा जन्म शेलूबाजारचा. देवमन मिस्त्रींनी जाड चौकोनी पाइप कापून, जोडून मला घडवलं. लाल रंगाचा एक हात दिला, वर काळा चढवला आणि मग स्वतः माझ्यावर उभे राहून दोन उड्या मारल्या. मी हललो नाही. दौलतरावांना त्यांनी एकच गोष्ट सांगितली, काही सैल झालं की हा करकरेल, तेव्हा गाडी थांबवा. दौलतरावांनी ते कायमचं लक्षात ठेवलं. रस्त्यात मी जरा कुरकुरलो की ते गाडी बाजूला घेत आणि पाना काढत.

मी काय काय वाहिलं म्हणून सांगू! सोयाबीनची पोती, तुरीची पोती, स्प्रिंकलरचे पाइप, त्यांच्या मुलाच्या, हरीओमच्या लग्नात ज्योत्स्ना सूनबाईचं कपाट, पोहरादेवीला जाताना अर्ध्या गल्लीची गाठोडी. कामाचा गडी म्हणून दौलतराव मला थोपटत. तेवढं कौतुक मला पुरत होतं.

पण माझं खरं सुख होतं निकिता, हरीओमची नऊ वर्षांची लेक. जीप अंगणात उभी असली की ती टायरवर पाय देऊन वर चढायची, पेरू खात माझ्यावर बसायची आणि येणारी एसटी आधी तिलाच दिसायची. मला ती ‘माझा माळा’ म्हणायची. दुसऱ्या कुणाला चढू द्यायची नाही.

मग गेल्या वर्षी ऐन दसऱ्याच्या दिवशी तो आला.

हरीओमने मोबाइलवर बघून जीपच्या टपावर बसवायचा तंबू मागवला होता. आधी तर मला काढून भंगारात द्यायचं ठरत होतं. देवमन मिस्त्रींनीच त्याला अडवलं. असा जाड पाइप आता मिळत नाही, तंबू याच्यावरच बसवा, म्हणाले. मी वाचलो खरा, पण कशासाठी? आयुष्यभर घरात राबलेल्या बाईच्या डोक्यावर सवत आणून बसवावी, तसं मला झालं.

आणि काय त्याचे लाड! खोक्यातून निघाला तेव्हा त्याच्या अंगावर साधी धूळ नव्हती. सोजरबाईंनी, म्हणजे निकिताच्या आजीने, त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. आठवडाभर आधी त्याच टपावर मी सोयाबीनची पोती वाहिली होती, तेव्हा मला कुणी फूल सोडा, फडकंसुद्धा लावलं नव्हतं. निकिता त्या तंबूत शिरली ती जेवायलाही खाली येईना. मला माळा म्हणणं ती एका दिवसात विसरली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बसवताना एक घोळ झाला. दसऱ्याचा मुहूर्त साधायचा म्हणून तंबू त्याच दिवशी बसवायचा होता. आणि घरातले, जीपच्या पेटीतले सगळे पाने, पक्कड, हातोडी देवघरासमोर पूजेत मांडलेले होते. हरीओम पाना उचलायला गेला, तर सोजरबाई आडव्या आल्या.

“आज अवजाराले हात लावाचा नाई. हातानं बसव, उद्या आवळजो.”

आईपुढे हरीओमचं काय चालणार? तंबू मला धरून राहील असे आठ नट त्याने नुसत्या बोटांनी फिरवले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना डोंगराकडच्या तलावावर मुक्कामाला जायची इतकी घाई, की पूजा उचलायच्या आधीच गाडी निघाली. पाने झेंडूखाली तसेच पडून राहिले.

मित्रांनो, आता मी माझा गुन्हा सांगतो. फाट्यावरच्या पहिल्या खड्ड्यात एक नट उडून गेला. पुढे दुसरा गेला, तिसरा शेवटच्या आट्यावर आला. इतक्या वर्षांत नट सैल झाला आणि मी बोललो नाही, असं एकदाही झालं नव्हतं. त्या दिवशी मी गप्प बसलो. पडू दे, म्हटलं. चारचौघांत आपटू दे, म्हणजे कळेल कोण नवा नि कोण कामाचा. माझ्या पोटात इतका जळफळाट होता की खाली माणसं बसली आहेत, हेही मला आठवेना.

दुपार कलताना तलाव आला. तंबू उलगडला. त्याचा अर्धा भाग जीपच्या बाहेर लटकला, खाली शिडी टेकवली. पहिला मान निकिताचा. ती शिडी चढली, आणि तंबू माझ्या पाठीवरून बोटभर सरकला. कुणाच्या लक्षात आलं नाही. निकिताला मात्र शिडीची शेवटची पायरी डगमगती वाटली असावी. तिने सवयीने एक पाय बाहेर काढला आणि माझ्या पुढच्या पाइपावर टेकवला, नेहमी टेकवायची तिथेच.

तो पाय मी ओळखला. मग माझा हेवा, माझा राग, सगळं जागच्या जागी राहिलं आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी करकरलो.

दौलतराव चूल पेटवत होते. त्यांनी हातातलं लाकूड टाकलं आणि धावत येऊन शिडी धरली.

“निकिता, उतर खाली माय. हा कॅरियर उगाच बोलत नाई.”

तिला उतरवून त्यांनी हात घालून पाहिलं. दोन नट जागेवर नव्हते, बाकीचे बोटाने फिरत होते. हरीओम पाना शोधायला गाडीकडे पळाला आणि रिकामी पेटी उघडून तसाच उभा राहिला. सोजरबाईंनी निकिताला जवळ ओढलं, ते बराच वेळ सोडलंच नाही.

त्यांनी तंबू मिटला, जुन्या दोराने माझ्याशी करकचून बांधला आणि मुक्काम न करताच सगळे परतले. सोजरबाई चपला काढून थेट देवघरात गेल्या. झेंडू बाजूला सारून त्यांनी स्वतः पाना उचलला आणि हरीओमच्या हातात दिला.

“आधी आवळ. पूजा मंग उचलू.”

या वर्षीच्या दसऱ्याला सगळे नट आधी आवळले, मगच पाने पूजेत गेले. मलाही हार मिळाला. तंबूचा हार माझ्यापेक्षा मोठा होता, हे मी पाहिलं आणि मला वाईटही वाटलं. निकिता अजूनही तंबूतच बसते, पण चढताना पाय माझ्यावर देते.

मित्रांनो, नवी वस्तू घरात आणा, तिला हळदकुंकू लावा, आमच्यासारखी जुनी खोडं जळतील तर जळू द्या. पण एखादी जुनी वस्तू कुरकुरली तर क्षणभर थांबून हात लावून बघा. आणि ती नेहमी कुरकुरणारी एखाद दिवशी गप्प बसली, तर त्याहून लवकर बघा. मी त्या दिवशी सगळा रस्ता गप्प होतो, हे दौलतरावांना अजून माहीत नाही.