मी लाल झालो आणि रॉक्सॅनबाई थांबल्या

मित्रांनो, मला दिवा म्हणतात, पण माझ्या उजेडात कुणाला काही वाचता येत नाही. मी वेळ सांभाळणारा दिवा आहे. हिरवा झालो की बोला, पिवळा झालो की आवरा, लाल झालो की पुरे. अमेरिकेतल्या आमच्या राज्याच्या विधान भवनात आरोग्य समितीची खोली आहे. तिथे लोक ज्या टेबलाशी बसून आपलं म्हणणं मांडतात, त्या टेबलावर मला स्क्रूने घट्ट पिळून बसवलं आहे. त्यामुळे कितीही संताप आला तरी उठून जायची सोय नाही.

माझा जन्म झाला बास्केटबॉलचे गुणफलक बनवणाऱ्या कारखान्यात. माझे भाऊ शाळांच्या मैदानांवर गेले. ते रोज पोरांचा आरडाओरडा ऐकतात, हारजीत बघतात. माझ्या नशिबी ही गालिचा घातलेली खोली आली. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं बरं का! माझ्याआधी दातांच्या डॉक्टरांच्या संघटनेचे एक गृहस्थ बोलायला बसले की लोक डुलक्या काढत. मी आलो आणि त्यांचं दळण थांबलं. समितीच्या कारकून आयोनबाई माझं बटण दाबतात. त्या दिवशी त्यांनी माझ्यावर रुमाल फिरवून म्हटलं होतं, "बाबा रे, इतकी वर्षं कुठे होतास?"

मीही फुशारलो. आपण सगळ्यांना सारखा न्याय देतो असं मला वाटायचं. कसला न्याय आणि कसलं काय! इथे एक रीत आहे. समितीने बोलावलेल्या पाहुण्यांना दिवा लावत नाहीत. आपणहून आलेल्या माणसाला मात्र लावतात. आणि मेडिकेड खात्याचे साहेब लोक कायम पाहुणे.

मेडिकेड म्हणजे गरिबांच्या आणि अपंगांच्या औषधपाण्याचा खर्च उचलणारी सरकारी योजना. त्या खात्याने आमदारांना वरचेवर येऊन माहिती द्यायची असते. धोरण काय बदललं, अंदाजपत्रकाचं काय झालं, आणि नेतृत्व कुणाकडे आहे. या नेतृत्वानेच माझं डोकं उठवलं आहे. दर खेपेला संचालक नवा! जुन्यांना काही विचारलं होतं, तर नवे म्हणतात, "मी नुकताच रुजू झालोय, माहिती घेऊन कळवतो." माहिती हाताशी येईपर्यंत तेही राजीनामा देऊन मोकळे.

एके दिवशी समितीची बैठक होती, बाहेर बर्फ होता. सकाळीच एक बाई बुटांचा बर्फ झटकत आत आल्या. रॉक्सॅन लिंडक्विस्ट त्यांचं नाव. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाहून, अंधारात गाडी काढून आल्या होत्या. त्यांचा मुलगा नोलन मोठा झालाय, पण त्याच्या स्नायूंत बळ नाही. रात्री त्याला कूस बदलून द्यावी लागते. मेडिकेडकडून घरी मदतनीस यायची. आता एक तारखेपासून मदतनिसाचे तास निम्मे होणार होते.

"मी रात्रपाळीला असते हो," त्या आयोनबाईंना सांगत होत्या. "तास कापले तर त्याला अपंगांच्या संस्थेत टाकावं लागेल. तो म्हणतो, आई, तिथे मी मरेन. समितीने हा बदल थांबवायला सांगितलं तर थांबेल, असं ऐकलंय. खरंय?"

"खरंय. पण आजच सांगायला हवं, नंतर बैठक नाही," आयोनबाई म्हणाल्या. "हे बघ बाई, तुझी पाळी शेवटी येईल. वेळ थोडा मिळेल. मानपान सोड आणि थेट मुलाचं बोल."

"हो हो, थेटच बोलते."

मग नव्या संचालक मार्शा टॉलिव्हर आल्या. बाई वाईट नव्हत्या, पण आमच्या अध्यक्षांना, सिनेटर ओसगार्डना, नवा माणूस दिसला की गाव विचारल्याशिवाय राहवत नाही.

"टॉलिव्हर? म्हणजे नदीकाठचे टॉलिव्हर का? ते घोड्यांचे डॉक्टर?"

"माझे काका ते."

"अरे वा! आमच्या वडिलांच्या घोडीचा पाय त्यांनीच वाचवला की!"

झालं! घोडीचा पाय संपतो न संपतो तोच दुसऱ्या सभासदाला त्या काकांचं मासेमारीचं वेड आठवलं. तिसऱ्याने अभिनंदन केलं, चौथ्याने अभिनंदनाला अनुमोदन दिलं. मग पडद्यावर रंगीत आलेख सुरू झाले. घरगुती मदतीचे तास कापण्याला तिथे "सेवांचा सुयोग्य मेळ" असं गोंडस नाव होतं. कुणी एकाने विचारलं, "याने कुणाला त्रास होईल का?" संचालकबाई म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे. मी नवीन आहे, माहिती घेऊन कळवते." अहो, माहिती मागे तिसऱ्या रांगेत मांडीवर कोट घेऊन बसली होती! मी विझलेलाच होतो. माझा जीव नुसता तडफडत होता.

शेवटी अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "जनतेतून कुणी बोलणार आहे का? थोडक्यात हं."

रॉक्सॅनबाई टेबलाशी आल्या. आयोनबाईंनी बटण दाबलं, मी हिरवा झालो. बोला, बाई, बोला!

"अध्यक्ष महोदय, समितीचे माननीय सभासद," त्यांनी सुरुवात केली, "आज मला वेळ दिलात त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही सगळे किती कामात असता, ते मला ठाऊक आहे. संचालकबाई, तुमचंही अभिनंदन. माझं नाव रॉक्सॅन लिंडक्विस्ट."

इथली माणसं अशीच. घर पेटलं तरी आग विझवणाऱ्यांना आधी कॉफी विचारतील. मी पिवळा झालो. त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्या गडबडल्या. "माफ करा हं, जास्त वेळ घेत नाही. मी माझ्या मुलासाठी, नोलनसाठी..."

मी लाल झालो.

त्या तिथेच थांबल्या. अर्ध्या वाक्यात! कुणी हटकलं नव्हतं. "सॉरी," म्हणाल्या, "आभारी आहे," म्हणाल्या, आणि कोट उचलला.

आता ऐका. बोलायला आलेल्या माणसाला सभासदाने प्रश्न विचारला, तर त्याच्या उत्तराला दिवा लागू नाही. वाटेल तितकं बोला! आयोनबाई अध्यक्षांच्या कानाशी वाकल्या. "साहेब, तिला एक प्रश्न विचारा. कुठलाही. मुलाला काय होतंय, एवढंच विचारा."

"अगं, खाली दूधवाल्यांच्या संघटनेचं जेवण आहे, सूप थंड होतंय," ओसगार्ड कुजबुजले. "आणि बाई खूश दिसली की! आभार मानून गेली."

खुर्च्या सरकल्या. रॉक्सॅनबाईंनी दारात थांबून सगळ्या सभासदांना आधी जाऊ दिलं.

पुढच्या अधिवेशनात खात्याचे नवे संचालक आले, कारण टॉलिव्हरबाई राजीनामा देऊन गेल्या होत्या. नव्या साहेबांनी वाचून दाखवलं, "घरगुती मदतीतला बदल सुरळीत पार पडला. जाहीर सुनावणीत एकही हरकत आली नाही. एका नागरिकाने तर समितीचे आभार मानले."

"छान!" ओसगार्ड म्हणाले. नोलन आता संस्थेत आहे, हे आयोनबाईंना माहीत होतं. रॉक्सॅनबाईंनी त्यांना फोन केला होता. त्या दिवशी मदत केल्याबद्दल आभार मानायला!

मित्रांनो, माझी भिंगं आता धुरकट झाली आहेत. माझ्या जागी मोठा पडदा येणार म्हणतात. खुशाल येऊ दे, मला भंगारात टाका, माझी तक्रार नाही. पण उद्या तुम्ही कुठल्याही खुर्चीत बसलात आणि समोरचं माणूस आभार मानून अर्ध्यावर गप्प झालं, तर त्याला तसं जाऊ देऊ नका. "बाई, तुमच्या मुलाचं काहीतरी सांगत होता ना?" एवढं विचारा, आणि सूप थंड होऊ द्या.