फळीवरच्या भवानीचा डोळा

"देवीनं डोळा उघडला!" एवढ्या एका वाक्यावर फर्दापूरजवळच्या त्या वाडीत मंगळवारी चार-पाच हजार माणूस लोटलं. लाकडी फळीवर रंगवलेली दीडशे वर्षांपूर्वीची ही भवानी, डोळे मिटलेली. आता तिचा उजवा डोळा टक्क उघडा होता आणि गोकुळ महाराज माइकवरून गरजत होते, "आई जागी झाली! डावा डोळा पुनवेला उघडणार! दुधाच्या पिशव्या बाहेरच्या टपरीवर मिळतील!" महिन्याभरापूर्वीपर्यंत हे महाराज हर्सूलला प्लॉट विकत होते. आईनं त्यांना कधी बोलावलं, ते त्यांनाच ठाऊक.

मी संभाजीनगरात चित्रकला शिकवतो. मला बोलावलं ते देवीची पूजा करणाऱ्या मनकर्णाबाईंनी.

"सर, फळीचा रंग हाताला लागायलाय," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं म्या तिला पाण्याचं बोट लावलं नाय. सासूबाईनं शिकिवलं व्हतं, फळीसमोर आरसा धरायचा आन् आरशातल्या देवीला आंघोळ घालायची. ह्यो बाबा तर थेट तिच्या तोंडावर दूध वततो. लई जीव तुटतो वो. वाचवा तिला."

माझी जुनी विद्यार्थिनी तनुजा जुन्या चित्रांची तपासणी करते. ती कॅमेरे घेऊन आली. महाराजांनी हौसेनं परवानगी दिली.

तिनं पहिला फोटो अवरक्त कॅमेऱ्यानं काढला. त्यात वरचे रंग आरपार होतात आणि खालची काजळीची रेघ दिसते. पडद्यावर चेहरा उमटला, तर दोन्ही डोळे उघडे! चित्रकारानं आधी उघडे डोळे काढले होते. मग विचार बदलून त्यांवर मिटलेल्या पापण्या रंगवल्या होत्या. मला इतका आनंद झाला, की मी लॅपटॉप सरळ लोकांकडे फिरवला. शुद्ध गाढवपणा केला.

"बघा, बघा!" महाराजांनी झडप घातली. "मशीनलाही आईनं दर्शन दिलं! सायन्सनं हात टेकले!"

त्या जयजयकारात माझं पुढचं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही.

तनुजानं काम थांबवलं नाही. दुसरा फोटो अतिनील दिव्याखाली, तिसरा बाजूनं तिरपा उजेड टाकून. मग तिन्ही फोटो तिनं एकावर एक बसवले.

"सर, एकटा फोटो फसवतो. तिन्ही मिळून बघा. हे रंग डिंकातले आहेत, पाण्यात विरघळणारे. अतिनील दिव्याखाली डिंक चमकतो, पण उजव्या डोळ्यापाशी गोल गोल काळं दिसतंय. म्हणजे ओल्या फडक्यानं नेमकी तेवढीच पापणी घासलीय. खालचा जुना डोळा वर आला. आणि तिरप्या उजेडात बघा, डाव्या पापणीचा रंग आधीच पापुद्र्यासारखा सुटलाय. आता ओला हात लागला की संपलं."

आम्ही सरपंच काकासाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं नीट पाहिलं.

"मला पटलं, सर. पण आता थांबिवलं तर लोकं मलाच फाडून खातील. पुनव हू द्या, मंग बघू."

"पुनवेनंतर बघायला काय उरणार आहे?" मी विचारलं. काकासाहेबांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी वेशीवर फ्लेक्स लागला. त्यावर पडद्यावरून मोबाइलनं टिपलेला तनुजाचा पहिला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'विज्ञानानेही मानले!' मी उरलेले दोन फोटो घेऊन दारोदार फिरलो. लोक म्हणाले, "सर, तुमचाच तर फोटू हाय त्यो."

पुनवेला सकाळीच महाराजांनी दुधाची घागर ओतली आणि 'आईचं तोंड' पुसलं. डावा डोळा उघडला. बायका रडल्या, माणसं लोटांगणं घालू लागली. मनकर्णाबाईंनी माझी बाही घट्ट धरली होती.

"गेली वो सर," त्या पुटपुटल्या. माझ्या पिशवीत तिन्ही फोटो होते आणि मला काहीही करता आलं नाही. इतकं असहाय मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दूध चालूच राहिलं. पंधरा दिवसांत काजळीचे डोळेही धुऊन गेले आणि कोरं लाकूड उरलं. "आई निराकार झाली," असं जाहीर करून महाराजांनी मुक्काम हलवला.

पाण्यानं रंग जातो, हे कळायला तीन फोटो लागत नाहीत. भक्ती करा, खुशाल करा. पण तुमच्या गावातल्या देवानं उद्या असा काही चमत्कार केला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: काल याला कुणाचा हात लागला होता?